इंदूर येथील माणिकबाग राजवाड्याची अंतर्गृहसज्जा

१

घरांतील सामानसुमान हेंहि इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट आपल्याकडील संशोधकांस तत्त्वतः मान्य असली तरी व्यवहारांत ती फारशी पाळली जात नाहीं. सनदा, महजर, निवाडपत्रें, शकावल्या व करीने यांचा शोध करितांना रुमालांतून फरासखान्याची एखादी यादी निघाली तर ती बहुधा बाजूस ठेविली जाते. लोड किती, तक्के किती, जाजमें किती, समया व शामदानें किती, ही मोजदाद राजकारणाच्या अभ्यासकास नीरस वाटावी हें स्वाभाविकच आहे. परंतु बसावें कसें, उजेड कोठून घ्यावा, पाहुण्याच्या दृष्टीस प्रथम काय पडावें व काय झांकून ठेवावें, याचा निर्णय जो धनी करितो तो आपल्या काळाविषयीं बरेंच कांहीं नकळत लिहून ठेवीत असतो. हें लिखाण वाचावयाचें तर सामान, त्याची जागा आणि त्याची यादी हीं तिन्ही एकत्र मिळालीं पाहिजेत.

या दृष्टीनें एका अलीकडील उदाहरणाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीं १९३० ते १९३३ या सुमारास बांधविलेला व सजविलेला माणिकबाग राजवाडा हें तें उदाहरण होय. विसाव्या शतकांतील घरासाठीं या पानांत जागा कां अडवावी, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, हें घर सजून पन्नास वर्षें होण्याच्या आंतच त्याचें अंतरंग देशोदेशीं विखुरलें गेलें. जी वस्तु इतक्या लवकर नाहींशी होते ती जुनी होण्याची वाट पाहत बसणें संशोधकास परवडण्यासारखें नाहीं.

२

होळकरांच्या घराण्यांत राहण्याच्या तऱ्हा कशा बदलत गेल्या हें प्रथम पाहूं. अहिल्याबाईंनीं १७६७ च्या सुमारास महेश्वर ही राजधानी केली. तेथें नर्मदेच्या कांठीं किल्ल्यांत असलेला त्यांचा वाडा आजहि पाहावयास मिळतो. लांकडी खांब, मध्यें चौक, भोंवतीं ओसरी आणि शुभ्र बिछायतीची गादी, एवढाच त्याचा थाट आहे. काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्रीं ज्यांनीं देवालयें उभारलीं त्यांना द्रव्याची उणीव होती असें कोणी म्हणणार नाहीं. घर साधें ठेवणें हा त्यांचा बुद्धिपुरस्सर निर्णय होता, हें उघड आहे.

इंदूर शहरांतील जुना राजवाडा ही याच्या पुढची पायरी. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लांकडी, अशी ही सात मजल्यांची इमारत राजसत्तेचें दर्शन रस्त्यावरील माणसास घडविण्यासाठीं बांधलेली आहे. त्यानंतर १८८६ ते १९२१ या काळांत तीन पिढ्यांच्या हातून पूर्ण झालेला लालबाग राजवाडा पाहिला म्हणजे सगळाच पालट दृष्टीस पडतो. संगमरवर, सोनेरी मुलाम्याची वेलबुट्टी, चित्रित छतें, झुंबरें, आणि लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडविलेले लोखंडी दरवाजे, असा तो सरंजाम आहे. एका इंचाचीहि भिंत मोकळी सोडूं नये, असा जणूं त्या कारागिरांस हुकूमच होता.

मराठी वाड्यांतील जुन्या सामानाचें एक वैशिष्ट्य येथें ध्यानांत ठेवावयास हवें. तें सामान जागेशीं बांधलेलें नसे. ज्या सोप्यांत सकाळीं कारकून दप्तर मांडून बसत, तेथेंच सायंकाळीं जाजम बदलून चार समया लाविल्या कीं गाण्याची बैठक होई. सामानाची मालकी दिवाणखान्याची नव्हे, फरासखान्याची असे. लोड एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत गेला तरी लोडाचें कांहीं बिघडत नसे व वाड्याचेंहि बिघडत नसे. लालबागेंत युरोपीय मेज-खुर्च्या आल्या, तरी त्याहि दालनांत आणून मांडलेल्याच वस्तु होत्या. माणिकबागेंत या बाबतींत मूलतःच फरक पडला.

३

यशवंतराव होळकर यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजीं झाला. वडील तुकोजीराव (तिसरे) यांनीं फेब्रुवारी १९२६ मध्यें राज्यत्याग केल्यामुळें सतराव्या वर्षीं ते गादीवर आले. पूर्ण अधिकार मात्र त्यांना मे १९३० मध्यें मिळाले. शिक्षण इंग्लंडांत, शेवटीं ऑक्सफर्ड येथें झालें. त्यांच्या पत्नी महाराणी संयोगिताबाई या कागलकर घाटग्यांच्या कन्या. त्याहि युरोपांत पतीबरोबर वावरलेल्या होत्या, आणि माणिकबागेचें घर हें या दोघांच्या आवडीचें घर होतें.

ऑक्सफर्डच्या वास्तव्यांत महाराजांचा एकार्ट मुथेशियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशीं परिचय झाला. त्याचा जन्म १९०४ चा. म्हणजे घर बांधविणारा बाविशींतला व बांधणारा सव्विशींतला. एकार्टचा पिता हेर्मान मुथेशियस हा लंडनच्या जर्मन वकिलातींत १८९६ पासून १९०३ पर्यंत होता, आणि इंग्रजी राहत्या घरांचा बारकाईनें अभ्यास करून त्यानें त्यांवर तीन भागांचा प्रख्यात ग्रंथ लिहिला. पुढें १९०७ सालीं जर्मनींत कलावंत व कारखानदार यांना एकत्र आणणारा जो ‘वेर्कबुंड’ नामक संघ स्थापन झाला त्याच्या प्रवर्तकांतहि तो होता. वस्तूचें सौंदर्य तिच्या उपयोगांतून व निर्दोष घडणींतून यावें, वरून चिकटविलेल्या नक्षीतून येऊं नये, हा या मंडळींचा सिद्धांत. तो सिद्धांत एकार्टला घरांतच मिळाला होता.

महाराजांनीं या तरुणास केवळ इमारत सांगितली नाहीं. भिंती, दारें, दिवे, मेजें, गालिचे असें आंतलें सर्व त्याच्या योजनेंत आलें. आगगाडींतील महाराजांच्या खास डब्याची सजावटहि पुढें त्यानेंच केली. पॅरिस येथील कलावंतांशीं संबंध जोडून देण्याचें काम आंरी-पिएर रोशे या फ्रेंच कलारसिकानें केलें. दारें-खिडक्या, दिवे इत्यादि सामानापैकीं पुष्कळसें युरोपांत घडून जहाजानें मुंबईस व तेथून इंदुरास आलें. उष्ण प्रदेशांतलें घर म्हणून हवा थंड ठेवण्याची यंत्रणाहि बसविण्यांत आली. त्या काळच्या हिंदुस्थानांत ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ होती.

४

आतां आंतील वस्तूंचा परामर्श घेऊं. महाराजांच्या कार्यालयांत एमिल-जाक रुलमान या पॅरिसच्या नामांकित कारागिराचें मेज होतें. तें मकासर बंदराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आबनुसाचें. या लांकडांत काळ्या रंगावर पिंगट रेषा निसर्गतःच असतात. त्या रेषा जुळवून पत्रे बसविणें हीच कारागिराची सगळी करामत. मेजावर कोरीव वेल नाहीं, सिंहाचे पंजे नाहींत, राजचिन्हाचा गाजावाजा नाहीं. रुलमान १९३३ च्या अखेरीस मरण पावला. अर्थात् हें काम त्याच्या अगदीं उत्तरकाळांतलें होय.

शयनगृहांतील पलंग लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स या जोडीनें धातू व कांच यांचे केले होते. आयलीन ग्रे या आयरिश बाईची, जहाजाच्या डेकावरील आरामखुर्चीवरून सुचलेली ‘ट्रान्झॅट’ नांवाची खुर्ची तेथें होती. ल कोर्बुझिए, पिएर झान्नरे व शार्लोत पेरियां यांनीं १९२८ सालीं आंखलेली पोलादी नळ्यांची लांब आरामखुर्ची येथें बिबट्याच्या कातड्यानें मढवून घेतली होती. मूळ आराखड्यांतील काटकसरी खुर्चीला संस्थानिकाच्या घरीं आल्यावर चढलेला तेवढाच एक राजेशाही साज. गालिचे इव्हान द सिल्व्हा ब्रून्स याचे, भूमितीच्या आकृतींचे, मोजक्या रंगांचे. भोजनाचीं रुप्याचीं भांडीं झां प्युइफोर्का याचीं. त्यांवरहि नकसकाम नाहीं, केवळ गोलाई व झिलई.

ग्रंथालयासाठीं स्वतः मुथेशियस यानें लाल रंगाच्या दोन आरामखुर्च्या आंखल्या. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, दिवे खुर्चींतच बसविलेले होते. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. बैठकींतील समईचा उजेड सर्वांचा असतो. लोडास टेकलेला धनी, समोरचा कारकून, दाराशीं उभा असलेला हुजऱ्या हे सर्व त्या एकाच उजेडांत असतात. खुर्चींत बसविलेल्या दिव्याचा उजेड एकट्या वाचकाचा. राजा दरबारांतून उठून एकटा पुस्तक वाचावयास बसला, ही घटना कोणत्याहि बखरींत सांपडणार नाहीं. ती या दोन खुर्च्यांवर लिहिलेली होती.

शिल्पांपैकीं कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी याचीं ‘अवकाशांतील पक्षी’ या कल्पनेचीं तीन शिल्पें महाराजांनीं घेतलीं. एक झिलई केलेल्या पंचरशी धातूचें, एक काळ्या संगमरवराचें व एक पांढऱ्या. त्यांच्यासाठीं इंदुरांत एक ध्यानमंदिर उभारण्याचा बेत होता व त्याकरितां ब्रांकुशी १९३८ च्या आरंभीं इंदुरास आलाहि होता. परंतु महाराणी संयोगिताबाई १९३७ सालींच निवर्तल्या होत्या. तें मंदिर झालें नाहीं.

५

या सर्व वस्तूंत ऐश्वर्य कोठें आहे, असा प्रश्न लालबाग पाहून आलेला मनुष्य विचारील. आमच्या मतें तें तीन ठिकाणीं आहे. पहिलें द्रव्यांत: दुर्मीळ लांकूड, निर्मळ कांच, शुद्ध रुपें. दुसरें घडणींत: जेथें नक्षी नाहीं तेथें सांध्यांतील केसाएवढी चूकहि लपत नाहीं, म्हणून साधी वस्तु निर्दोष करणें हें नक्षीदार वस्तूपेक्षां कठीण व महाग पडतें. तिसरें सुखसोयींत: थंड हवा, हवा तेथें उजेड, शरीराच्या वळणाप्रमाणें वळलेली खुर्ची. हें ऐश्वर्य पाहणाऱ्यास दिपवीत नाहीं. वापरणाऱ्यासच तें कळतें.

युरोपच्या कलेतिहासांत या घराचें स्थान कोठें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १९२५ सालीं पॅरिस येथें शोभिवंत कलांचें जें मोठें प्रदर्शन भरलें त्यांत दोन परस्परविरोधी मतें समोरासमोर आलीं. रुलमान यानें ‘संग्राहकाचें घर’ या नांवाचें दालन मांडलें होतें. उंची द्रव्य व हातची कारागिरी यांचा तो कळस होता. त्याच प्रदर्शनांत ल कोर्बुझिए यानें यंत्रानें घडलेल्या, पुष्कळांस परवडतील अशा वस्तूंचें घर मांडलें. पुढें १९२९ सालीं दुसऱ्या मताच्या मंडळींनीं आपला निराळा संघहि काढला. पॅरिसांत एकमेकांकडे पाठ करून बसलेले हे दोन पक्ष माणिकबागेंत एका छपराखालीं नांदले. त्यांचा समेट जर्मन वास्तुशिल्पज्ञानें व मराठा संस्थानिकानें घडवून आणला. यजमान स्वतः कोणत्याहि पक्षाचा नसल्यामुळें त्याला तें साधलें, असें आम्हांस वाटतें.

६

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, हें सारें परदेशी अनुकरण आहे. यांत मराठी काय आहे? वस्तूंची नांवें पाहतां आक्षेप खरा दिसतो. तथापि लालबागेंतील अनुकरण आणि माणिकबागेंतील निवड यांत भेद केला पाहिजे. अनुकरण करणारा, जें युरोपांत प्रतिष्ठित झालें आहे तें आणतो. माणिकबागेंत आलेल्या वस्तूंपैकीं कित्येक त्या वेळीं युरोपांतहि वादग्रस्त होत्या व त्यांना गिऱ्हाइकें थोडीं होतीं. त्या निवडण्यास स्वतःचें मत असावें लागतें. बर्नार बुते द मोंवेल या चित्रकारानें यशवंतरावांचीं दोन मोठीं चित्रें काढिलीं आहेत. १९२९ च्या चित्रांत ते युरोपीय सायंवेषांत, काळा झगा घेऊन उभे आहेत. १९३३-३४ च्या चित्रांत मराठा पोषाखांत, शुभ्र बैठकीवर मांडी घालून बसलेले आहेत. दुसऱ्या चित्रांतील बैठकीभोंवतीं एकहि अनावश्यक वस्तु नाहीं. महेश्वरच्या शुभ्र गादीची आठवण तें चित्र पाहून कोणास झाली तर ती अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. महेश्वरच्या साधेपणापासून माणिकबागेचा साधेपणा निघाला, असा कार्यकारणभाव आम्ही जोडीत नाहीं. एक विरक्तींतून आला, दुसरा रुचींतून. पण मोकळ्या भिंतीची भीति न वाटणें हा गुण दोहोंस समान आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हें घर सजलें तो काळ जगभर मंदीचा होता, आणि शेतमालाचे भाव कोसळल्यामुळें रयत हवालदिल झालेली होती. साधें दिसणारें घर स्वस्त नसतें, हें वर सांगितलेंच आहे. लालबागेच्या झुंबराखालीं उभा राहिलेला रयतेचा माणूस निदान आपला कर कोठें गेला हें डोळ्यांनीं पाहूं शकत होता; माणिकबागेच्या काळ्या मेजाची किंमत त्याला पाहून कळली नसती. अलंकार टाकून दिल्यानें ऐश्वर्य नीतिमान होतें, असा जो समज तत्कालीन युरोपीय लेखकांच्या लिखाणांत डोकावतो, तो इतिहासकारानें तपासल्यावांचून स्वीकारूं नये. मौन पाळणारें ऐश्वर्य हेंहि ऐश्वर्यच असतें. फक्त त्याचा पुरावा डोळ्यांस न दिसतां हिशेबाच्या वहींत सांपडतो. म्हणूनच अशा घरांच्या बाबतींत खर्चाच्या याद्या व पावत्या यांचें मोल इतर घरांपेक्षां अधिक आहे.

७

या घराचा पुढचा वृत्तांत थोडक्यांत असा. महाराणींच्या निधनानंतर घराची मूळची घडी राहिली नाहीं. १९४८ सालीं इंदूर संस्थान मध्यभारत संघांत विलीन झालें. यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजीं मुंबई येथें वारले. ब्रांकुशीच्या तीन पक्ष्यांपैकीं काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे दोन १९७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयासाठीं घेतले गेले; धातूचा पक्षी अमेरिकेंत पॅसाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयांत गेला. त्याच दशकांत इमारत सरकारकडे जाऊन तेथें केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याचें कार्यालय आलें. शेवटीं २५ मे १९८० रोजीं मोनॅको येथें सदबीज् या लिलाव करणाऱ्या कंपनीनें माणिकबागेंतील सामानाचा लिलाव केला. मेज एकाकडे, पलंग दुसऱ्याकडे, दिवे तिसऱ्याकडे, याप्रमाणें घराची वांटणी झाली.

फरासखान्याचा लोड व माणिकबागेची खुर्ची यांतील जो भेद आम्हीं प्रारंभीं दाखविला त्याचें महत्त्व आतां स्पष्ट होईल. लोड हालविल्यानें वाडा मुका होत नव्हता. माणिकबागेंतील वस्तूंचा अर्थ मात्र त्यांच्या जागेशीं बांधलेला होता. मेजाचा काळेपणा मोकळ्या भिंतीमुळें उठून दिसत होता. गालिच्याची आकृति खोलीच्या मापावर बेतलेली होती. लिलावाच्या यादींत प्रत्येक वस्तूस क्रमांक मिळाला, कर्त्याचें नांव मिळालें, किंमतहि मिळाली. घर तेवढें नाहींसें झालें. आमच्या वाचकांस हा प्रकार नवा नाहीं. सचित्र पोथी सोडवून तिचीं पानें एकेक करून विकलीं म्हणजे प्रत्येक चित्राला चांगला दाम येतो, पण पोथी कोणती, कोणी लिहविली, कोणासाठीं लिहविली, हें सांगणारें शेवटचें पान बहुधा कोणीच विकत घेत नाहीं. माणिकबागेचें असेंच झालें.

सुदैवानें येथें तें शेवटचें पान कांहीं अंशीं वांचलें. मुथेशियस यानें राजवाड्याचीं छायाचित्रें काढून ठेविलीं होतीं. आराखडे व रंगीत चित्रेंहि राहिलीं. १९८९ सालीं तो वारला, तोंपर्यंत या घराकडे अभ्यासकांचें लक्ष वळूं लागलें होतें. पुढें पॅरिस येथील शोभिवंत कलांच्या संग्रहालयानें सप्टेंबर २०१९ पासून जानेवारी २०२० पर्यंत या महाराजांविषयीं मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हां विखुरलेल्या वस्तु छायाचित्रांच्या आधारें पुन्हां शेजारीं शेजारीं मांडतां आल्या. चार महिन्यांपुरतें कां होईना, माणिकबागेचें घर पुन्हां जुळलें. पण तें इंदुरांत जुळलें नाहीं.

८

यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या संग्राहकबंधूंपुढें ठेवून हा लेख संपवितों. वस्तु वांचविण्यास पैसा लागतो व तो नेहमींच आपल्यापाशीं असेल असें नाहीं. मात्र वस्तूची जागा वांचविण्यास केवळ दक्षता लागते. महाराष्ट्रांत, माळव्यांत, गुजरातेंत व तंजावराकडे मराठी घराण्यांचे वाडे उतरविले जात आहेत. वाडा पाडण्यापूर्वीं खांब विकले जातात, झुंबरें विकलीं जातात. त्यांबरोबर कोठीच्या वह्या, सुतार-तांबटांच्या पावत्या, जामदारखान्याच्या याद्या आणि कोणी हौशी माणसानें काढिलेलीं दालनांचीं छायाचित्रें रद्दींत जातात. खांब कोणाच्या तरी दिवाणखान्यांत उभा राहील. रद्दी परत येणार नाहीं.

तेव्हां आमची सूचना एवढीच. ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या असतील त्यांनीं त्या सनदांइतक्याच काळजीनें ठेवाव्या व प्रसिद्ध कराव्या. ज्यांच्या हातीं एखादी वस्तु येईल त्यांनीं ती कोणत्या घरांतील, कोणत्या दालनांतील, कोणत्या भिंतीशेजारची, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ज्या घरांत ऐश्वर्य नक्षीवर कोरलेलें असतें तें घर मोडलें तरी तुकड्यांवरून ओळखूं येतें. साध्या घराचे तुकडे कांहींच सांगत नाहींत. त्याची साक्ष कागदानेंच द्यावयाची असते, आणि कागद जपणें हें तर आपलें कामच आहे.